उंदराचा आजार आणि माणसाचा आजार
नॉकआउट उंदीर म्हणजे एक ठरावीक जनुक निकामी केलेला उंदीर. भ्रूणाच्या मूलपेशींत ते जनुक मोडायचं, त्या पेशी दुसऱ्या भ्रूणात सोडायच्या आणि जन्मलेल्या संमिश्र पिल्लांपासून पुढची वीण घ्यायची. या तंत्राला २००७चं नोबेल मिळालं, ते योग्यच. आमचा आक्षेप आहे तो 'मॉडेल' या शब्दाच्या सैल वापरावर. १९९२मध्ये सिस्टिक फायब्रोसिसचा उंदीर तयार झाला. जनुक तेच बिघडवलेलं. उंदरांची आतडी तुंबली, पण फुप्फुसांत माणसासारखा आजार दिसला नाही. आणि रुग्ण दगावतात ते मुख्यतः फुप्फुसांमुळेच! तेव्हा 'उंदरांवर औषध लागू पडलं' असं वाचलं, की आपण आधी विचारू या: माणसाच्या आजाराचा नेमका कुठला भाग त्या उंदरात होता?