रेव्हरंड हिस्लॉप यांची गोंडविषयक टिपणे

स्कॉटिश धर्मोपदेशक रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली नागपुरास शाळा काढली. १८६३ साली ते बुडून मृत्यू पावले. त्यांची अपुरी टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. गोंडांचे देवधर्म, विवाह व अंत्यविधी यांचे वर्णन त्यांत आहे. तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यांतील माडियांचाही उल्लेख आढळतो.

वर्णन करणारा धर्मोपदेशक आहे, हे वाचकास कोठेही विसरता येत नाही. परंतु ग्रंथाचे खरे मोल या वर्णनात नाही. प्रधानाच्या तोंडून मिळालेले लिंगोचे गीत येथे रोमन लिपीत मूळ गोंडी शब्दांसह व शब्दशः इंग्रजी अर्थासह दिले आहे. मूळ शब्द समोर असल्यामुळे संग्राहकाचा अर्थ पारखून घेण्याची सोय वाचकास लाभते, आणि प्रसंगी तो अमान्यही करता येतो. ज्या धर्मातून गायकास बाहेर काढावे अशी हिस्लॉप यांची श्रद्धा होती, त्याच धर्माची वाणी त्यांच्या कागदांत टिकली.

माडियांच्या वाट्याला मात्र केवळ शब्दसूची आली आहे. सुटे शब्द बोलींचे नाते दाखवितात. बोलणाऱ्याचे म्हणणे सांगत नाहीत. घरी माडिया बोलणाऱ्या मुलास शाळेत मराठीतून शिकविताना हाच भेद महत्त्वाचा ठरतो. शिक्षकाजवळ त्याच्या भाषेतील चार शब्द असणे पुरेसे नाही. त्याची वाक्ये आणि त्याच्या गोष्टी ऐकून घेणे अवश्य आहे.