तालमीचे पैसे आणि जाझचा आवाज

पन्नाशीच्या दशकातल्या जाझ रेकॉर्डींबद्दल रसिकांत एक मत घट्ट बसलं आहे: ब्लू नोट कंपनी सर्वांत वर, बाकीच्या तिच्या खाली. मला ही उतरंड मान्य नाही.

मताला आधार आहे, हे आधी कबूल करायला हवं. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायननं १९३९ मध्ये न्यूयॉर्कात ब्लू नोट सुरू केली. तो वादकांना तालमीचेही पैसे देई. सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’मध्ये (१९५७) ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन ज्या एकजिनसीपणानं मुखडा मांडतात, त्यात ही तालीम स्पष्ट ऐकू येते. प्रेस्टीज या दुसऱ्या कंपनीचा बॉब वाइनस्टॉक मात्र तालमीवर खर्च करत नसे, म्हणून त्याच्या रेकॉर्डी ढिसाळ, असा शेरा कायमचा बसला.

पण त्या काळात दोन्ही कंपन्यांचा ध्वनिमुद्रक बहुतेकदा एकच होता. रूडी व्हॅन गेल्डर. पेशानं डोळे तपासून चष्मे देणारा हा माणूस न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करी. त्याच खोलीत १९५६ च्या मे आणि ऑक्टोबरमधल्या अवघ्या दोन दिवसांत माइल्स डेव्हिसच्या पाच जणांच्या संचानं प्रेस्टीजसाठी चार एलपी भरतील एवढं वाजवलं. त्यातली ‘रिलॅक्सिन’ ऐका, ढिसाळपणाचा मागमूस नाही. त्यांची तालीम क्लबांतून होतच होती. कंपनीच्या तालमीची गरज ऐनवेळी जमवलेल्या संचाला असते, एकत्र मुरलेल्या संचाला नाही. हा भेद न करता कंपन्यांना गुण वाटणं चूक आहे.

आवाजाबद्दलही तेच. व्हॅन गेल्डरचा पियानो मला नेहमी डबीत कोंडल्यासारखा वाटतो, आणि व्हॅन गेल्डर वादकांचा मूळ आवाज बदलतो अशी तक्रार खुद्द बेसवादक चार्ल्स मिंगसनं केली होती. सनी रोलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ व्हॅन गेल्डरकडची, प्रेस्टीजसाठी, १९५६ ची. पुढच्याच वर्षी रोलिन्सनं लॉस एंजेलिसला कंटेम्पररी कंपनीसाठी ‘वे आउट वेस्ट’ केली. तिथं रॉय ड्यूनान कंपनीच्या गोदामातच मुद्रण करी. पियानो नाहीच, बेस, ड्रम आणि सॅक्सोफोन. शेली मॅनच्या ड्रमभोवतीची मोकळी हवा ऐकू येते, आणि रोलिन्सचा स्वर कुठंही फुगवलेला वाटत नाही. वादन म्हणून ‘कोलोसस’ थोर आहे. मुद्रण म्हणून मी ‘वे आउट वेस्ट’लाच वर ठेवीन.

काय प्रसिद्ध करायचं, या निवडीतही ही उतरंड टिकत नाही. आज जुन्या एलपी नव्यानं काढण्याची लाट आहे. ब्लू नोटची ‘टोन पोएट’ मालिका २०१९ पासून जुन्या टेपांवरून फार निगुतीनं निघते. पण याच कंपनीनं टीना ब्रुक्स या सॅक्सोफोनवादकाच्या नेतृत्वाखाली चार एलपींचं मुद्रण करून त्याच्या हयातीत फक्त ‘ट्रू ब्लू’ प्रसिद्ध केली. तो १९७४ मध्ये गेला. १९५८ मध्ये मुद्रित झालेली ‘मायनर मूव्ह’ १९८० मध्ये जपानात निघाली. तीवर ट्रम्पेटला ली मॉर्गन आहे, पियानोला सनी क्लार्क आहे, ड्रमला आर्ट ब्लेकी आहे, आणि या सगळ्यांत ब्रुक्स कुठंच कमी पडत नाही.