फडमालकिणीचा फड कुणी पाहिला?

लक्ष्मण उतेकर तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांवर हिंदी चित्रपट करताहेत आणि श्रद्धा कपूर त्यात विठाबाई होणार, ही बातमी आली आणि जो तो पुन्हा तोच प्रसंग सांगू लागला. भरल्या दिवसांची विठाबाई, तंबूमागे झालेलं बाळंतपण, दगडाने तोडलेली नाळ आणि परत बोर्डावर चढलेली बाई. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे, त्यात वाद नाही. पण त्या रात्री वग, म्हणजे तमाशातलं नाटक, कोणता लागला होता, हे कुणी विचारत नाही. विठाबाईंना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं ते बाळंतपणासाठी नव्हे, कलेसाठी. त्या कलेबद्दल मात्र दोन वाक्यं सापडायची मारामार.

पडद्यावर तर ही खोड जुनीच. ‘पिंजरा’तली मास्तरला नादी लावते, ‘चंद्रमुखी’तली पुढाऱ्यापायी झुरते, ‘फुलवंती’तली शास्त्रीबुवांशी पैज लावते. ‘नटरंग’ने निदान फड उभा करायला काय काय लागतं ते दाखवलं, पण तिथेही धनी पुरुषच, गुणा. रंगमंचावर सुषमा देशपांडे यांचं ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ हा सन्माननीय अपवाद. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या ‘संगीत बारी’ने शहरी प्रेक्षकाला लावणीची अदब शिकवली, पण तो प्रेक्षक घरी जाताना लावणी म्हणजेच तमाशा असं समजून गेला, त्याला बिचारे ते काय करणार? डीजेवर नाचणाऱ्या कार्यक्रमांचा इथे विचार करण्याचं कारण नाही.

विचार करायचा तो फडमालकीण कांताबाई सातारकरांचा.

1939 साली गुजरातेत डभोईला जन्म, घराणं साताऱ्याकडचं. लहानपणी मेळ्यात नाचल्या, पुढे मुंबईत दादू इंदुरीकरांबरोबर काम केलं आणि मग तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. खेडकर आणि कांताबाई ही जोडी त्या काळी वगासाठी नावाजलेली होती, नुसत्या लावणीसाठी नव्हे. पुढे दोघांचं लग्नही झालं. 1964 मध्ये खेडकर गेले. पदरात लहान मुलं, आणि फड म्हणजे काही सातबाऱ्यावर नाव चढवून मिळणारी जमीन नव्हे. काही वर्षांनी त्यांनी स्वतःचं मंडळ उभं केलं. पाटीवर पहिलं नाव गेलेल्या नवऱ्याचं आणि मग स्वतःचं. संगमनेरला बिऱ्हाड केलं, मुलगा रघुवीर आणि मुली याच बोर्डावर तयार केल्या. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान त्यांनाच मिळाला. 25 मे 2021 रोजी, करोनाने तंबू गुंडाळायला लावलेले असताना, त्याच साथीत त्या संगमनेरला वारल्या.

संगमनेरवरून वाहणारी प्रवरा नदी खाली देवळाली प्रवराच्या परिसरात येते. या साखरपट्ट्यातल्या ज्या पिढ्या यात्रेतल्या कनातीत शेंगा फोडत बसल्या, त्यांना वग म्हणजे काय हे सांगायला नको. ज्यांना सांगायला हवं ते पुण्या-मुंबईत असतात. कांताबाईंच्या फडाने ‘रायगडची राणी’ केलं, ‘हरिश्चंद्र तारामती’ केलं आणि त्याच बोर्डावर ‘असे पुढारी आमचे वैरी’ही केलं. ‘डोम्या नाग अर्थात सख्खा भाऊ पक्का वैरी’ हे नाव ऐकलं की बांधावरून कोर्टात गेलेला कुठलाही भाऊ चपापेल. इतिहास, पुराण, राजकारण आणि भाऊबंदकी, सगळं एकाच हंगामात, त्याच नटांकडून. इतका रुंद पट मांडणारी दुसरी नाटकमंडळी त्या काळात दाखवावी कुणी.

आणि हे करायचं कसं, तर नेपथ्याविना. सरदाराने बोर्डावर एक फेरी मारली की गाव बदलतं. संहिता म्हणजे कथेचा सांगाडा आणि ठरलेल्या जागा. बाकीचं सोंगाड्या समोरचा गाव बघून भरतो. गणाला ढोलकी घुमली की पब्लिक सावरून बसतं, गौळणीत कृष्ण मावशी आणि गौळणींची वाट अडवतो, बतावणीत सरपंचाची टोपी उडते आणि मग वग सुरू होतो. तोवर हसून दमलेला माणूस तारामतीबरोबर रडायला तयार झालेला असतो. रात्र रचण्याची ही अक्कल फडमालकिणीची. कुणाला कधी बोर्डावर सोडायचं, कुणाला किती उचल द्यायची, पाऊस आला तर तिकिटाचं काय करायचं, ट्रक कुठल्या गावाला वळवायचे, हेही तिनेच ठरवायचं. शंभर-सव्वाशे माणसांचं जेवण आणि झोपणं तिच्या शब्दावर चालतं. याला दिग्दर्शन म्हणायचं नाही, निर्मिती म्हणायची नाही, तर मग काय म्हणायचं?

शहरात विजया मेहतांनी 1960 मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था काढली. तिच्यावर ग्रंथ झाले, आणि झालेच पाहिजेत. 1973 मध्ये त्यांनी खानोलकरांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ बसवलं, 1978 मध्ये पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आलं. दोन्हींचा मूळ पुरुष ब्रेख्त. प्रेक्षकाशी थेट बोलणारा नट, मध्येच तोडलेली गोष्ट, गाण्याने केलेली टीका, हे सारं थोर आहे असं एका जर्मन माणसाने सांगितल्यावर शहरी रंगभूमीला पटलं. नेमक्या त्याच वर्षांत कांताबाईंचा फड हेच रोज रात्री, दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, गावोगाव करत होता. एकाला प्रयोगशील म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला लोककला. लोककला हा आदराने दाखवलेला दरवाजा आहे, आणि तो बाहेर जाण्याचा आहे.

यावर नेहमीचं उत्तर असतं की तमाशाची संहिताच नाही, मग समीक्षा कशाची करायची? हे उत्तर खोटं आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा अटच अशी होती, की वग लिहून सरकारी परीक्षणाला पाठवायचा. म्हणजे सेन्सॉरला वाचता येतील अशा संहिता होत्या, समीक्षकाला मात्र त्या सापडेनात! कितीतरी वगांच्या कॅसेटी निघाल्या, बाजारात विकल्या गेल्या, ट्रॅक्टरवर वाजल्या. वगसम्राट म्हणवणाऱ्यांची नावं विद्यापीठांच्या प्रबंधांतून येतात, पण कांताबाईंच्या एका वगाची संपादित, छापील आवृत्ती नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमाला लावावी असं कुणाला वाटत नाही.

दोष फक्त शहराचा नाही. चैत्रात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी तिथे सुपारी द्यायला जातात आणि आजकाल पहिला प्रश्न असतो, पोरी किती आणि गाणी कुठली. रात्री दहानंतर भोंग्यावर निर्बंध आल्यापासून तर आयतं निमित्त मिळालं. रंगबाजीत, म्हणजे नाचगाण्यांच्या भागात, हिंदी गाणी रेटायची, शिट्ट्या झाल्या की वेळ संपली म्हणायचं. वग उभा राहतो तेव्हा निम्मा मंडप उठलेला असतो, कधी उभाच राहत नाही. फडमालकही मग वगाच्या नटाऐवजी आणखी दोन नाचणाऱ्या घेतो, कारण त्यालाही उचल फेडायची असते. आणि मग हेच कारभारी पारावर बसून तमाशात पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणतात. घराघरातून वर्गणी गोळा करून आणलेल्या फडाला त्याचं नाटकच करू द्यायचं नाही, हा कुठला रसिकपणा? प्रवराकाठच्या यात्रा समित्यांनी पुढच्या चैत्रात सुपारीच्या कागदावर वगाचं नाव आणि त्याचा वेळ लिहून घ्यावा, परवानगीचा अर्ज करतानाही तोच लिहावा, फड संध्याकाळी सातलाच सुरू करायला लावावा. त्याने रंगबाजी तासभर कापली गेली तरी चालेल.