संगीताचे मानवशास्त्र

संगीताकडे केवळ स्वररचना म्हणून न पाहता मानवी वर्तनाचे व संस्कृतीचे एक अंग म्हणून त्याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. इंग्रज भाषाभ्यासक अलेक्झांडर जॉन एलिस (१८१४–९०) याच्या संशोधनात तिचे मूळ आढळते. सप्तकाचे १,२०० सेंटांत विभाजन करून त्याने निरनिराळ्या देशांतील स्वरपंक्ती मोजल्या आणि निसर्गसिद्ध अशी एकच स्वरपंक्ती नाही, असा निष्कर्ष १८८५ मध्ये मांडला. यूरोपीय संगीत हाच मानदंड, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. पुढे बर्लिनच्या संशोधकांनी बव्हंशी इतरांनी आणलेल्या ध्वनिमुद्रणांवरून स्वरमापन केले; गाणारा समाज मात्र अभ्यासाबाहेरच राहिला.

ही उणीव अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ॲलन मेरियम (१९२३–८०) याने द अँथ्रपॉलॉजी ऑफ म्यूझिक (१९६४) या ग्रंथात दूर करण्याचा प्रयत्न केला. संगीतविषयक कल्पना, तदनुसारी वर्तन व त्यातून निर्माण होणारा नाद, अशा तीन परस्परावलंबी पातळ्या त्याने कल्पिल्या. ही मांडणी मौलिक आहे. तथापि तिच्यात वर्तनाचे विवेचन विपुल आणि प्रत्यक्ष नादरचनेचे तोकडे, असा असमतोल जाणवतो.

दोन्ही बाजू सांधण्याचे श्रेय जॉन ब्लॅकिंग (१९२८–९०) याच्या दक्षिण आफ्रिकेतील व्हेंडा समाजाच्या अभ्यासास द्यावे लागते. व्हेंडांची अनेक बालगीते मोजक्या स्वरांची आहेत. केवळ ध्वनिमुद्रण ऐकणारा त्यांना संगीताच्या उत्क्रांतीतील आदिम पायरी समजेल. प्रत्यक्षात ‘त्शिकोना’ या सामूहिक पाव्यावादनाच्या सप्तस्वरी रचनेतून त्यांतील काही गीते घडली आहेत, असे ब्लॅकिंगने दाखविले. या वादनात प्रत्येकाच्या पाव्यातून एकच स्वर निघतो. धून सिद्ध होते ती सर्वांच्या मेळातून. साधेपणा हा आदिमतेचा पुरावा नव्हे, हे समाजनिरीक्षण व स्वरविश्लेषण एकत्र आल्यावरच उमगले.

संगीतक्षमता सर्व माणसांत असते, हे ब्लॅकिंगचे प्रतिपादन एका समाजाच्या आधारे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र संगीत ही मोजक्यांनाच लाभलेली उपजत देणगी होय, हे गृहीत त्याने निश्चितच डळमळते. वंशश्रेष्ठत्वाला कायद्याचे बळ देणाऱ्या राजवटीत हे संशोधन झाले. तेथे एखाद्या समाजाच्या गाण्याला ‘आदिम’ म्हणणे ही निव्वळ शास्त्रीय चूक नव्हती. त्या समाजाला कनिष्ठ ठरविण्यास त्यामुळे आधार मिळत होता. या ज्ञानशाखेची नैतिक जबाबदारी येथेच स्पष्ट होते.