'शारदा' नाटकांतील गोत्राचा दाखला

देवलांचें 'शारदा' म्हणजे आगरकरांचें विवाहविषयक मतच रंगभूमीवर आलें, असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें आम्हांस मान्य नाहीं. आगरकर १८५६ सालीं कऱ्हाडानजीक टेंभूस जन्मले. देवल त्याच कृष्णेच्या खालच्या अंगास, सांगलीजवळील हरिपुरचे. दोघांचाही रोख बाला-जरठ विवाहावर होता, इतकें साम्य खरें.

पण संहिता उघडून पाहावी. भुजंगनाथाशीं शारदेचें लग्न मोडतें तें तिची संमति नाहीं म्हणून नव्हे, वयांतील अंतरामुळेंही नव्हे. उभयतां सगोत्र निघतात म्हणून! पुढें कोदंडाशीं विवाह होण्यासही शंकराचार्यांचा निर्णय लागतो. प्रीति आहे, परंतु तिला परवाना धर्मपीठाचा. १८८८ त 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांची भूमिका नेमकी उलट: असल्या व्यवहारांत निर्णय बुद्धीनें व मनुष्याच्या सुखदुःखावरून करावा, शास्त्राधार हुडकण्याची खटपट त्यांस पसंत नव्हती. ते १८९५ त वारले. नाटक १८९९ चें.

देवलांस आम्ही भित्रे म्हणत नाहीं. त्यांच्या प्रेक्षकांस गोत्राचा आक्षेप तत्काळ पटे. मुलीच्या इच्छेचा पटताच असें नाहीं. म्हणूनच तत्कालीन लोकमताचा पुरावा या दृष्टीनें हें नाटक आगरकरांच्या निबंधांहून अधिक मोलाचें आहे. (१९२९ चा 'शारदा कायदा' मात्र या नायिकेवरून नव्हे, हरबिलास सारडांवरून.) नाटकमंडळ्यांच्या जुन्या वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं हा गोत्राचा भाग छापील प्रतीशीं ताडून पाहावा.