कर्णसाचा आणि मराठीतील ‘स’कार

श्रवणयंत्राच्या चर्चेत यंत्राची शक्ती, किंमत व संख्या यांचाच विचार प्राधान्याने होतो. कानामागील यंत्रातून येणारा ध्वनी ज्याच्या द्वारे कानात शिरतो, तो कर्णसाचा मात्र गौण ठरतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही उपेक्षा समर्थनीय नाही.

साचा सैल असला की ध्वनी बाहेर निसटून यंत्राच्या ध्वनिग्राहकाकडे परततो आणि शिटी वाजते. ती टाळण्यासाठी आवाज कमी केला जातो. मग प्रथम लोपतात ते मुळातच क्षीण असलेले उच्च कंपनसंख्येचे ध्वनी. ‘स’काराची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वर असते. आधुनिक अंकीय यंत्रे शिटीला आवर घालतात हे खरे. तथापि ते साहाय्य मर्यादितच होय.

मराठीत या ध्वनीवर क्रियापदाचा पुरुषही अवलंबून असतो. शिरूरमधील एखादी आई ‘केव्हा आलास?’ असे विचारते. ‘स’ लोपला तर मुलाला तो प्रश्न तिसऱ्याच कोणाविषयी वाटेल. सर्वनाम वगळण्याची आपली रीत असल्याने वाक्यात दुसरा आधारही उरत नाही. दौंडच्या बाजारात ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील गल्लत तर सरळ पैशांचीच.

१९९४ साली १२ भाषांच्या सरासरी ध्वनिपटांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत मराठी नव्हती. हे ध्वनिपट बहुतांशी सारखे आढळले, म्हणून सर्व भाषांना एकच मोजमाप पुरेसे, असा निष्कर्ष काढणे मोहक असले तरी सदोष आहे. सरासरी समान असली, तरी कोणत्या ध्वनीवर अर्थाचा किती भार आहे, हे प्रत्येक भाषेत वेगळे असते.

उपाय अज्ञात नाहीत. साच्यातील नळीचा आतील व्यास सामान्यतः १.९३ मिलिमीटर असतो. तो टोकाकडे ४ मिलिमीटरपर्यंत रुंदावल्यास सुमारे ३००० हर्ट्‌झवरील ध्वनी बळावतात. लहान मुलांच्या कानात मात्र तेवढी जागा नसते. शिवाय मुलांचे कान वाढतात, नळ्या कडक होतात. म्हणून साचा वारंवार नव्याने घडवावा लागतो.

केंद्र शासनाच्या १९८१ साली सुरू झालेल्या एडिप योजनेसारख्या उपक्रमांचे मूल्यमापन म्हणूनच वाटलेल्या यंत्रांच्या संख्येवर थांबू नये. कानाचा ठसा नीट घेणारा हात शिरूर-दौंडमध्येच उपलब्ध आहे काय, आणि ‘आला’ व ‘आलास’ यांतील भेद मुलाला कळतो काय, हीच त्याची खरी कसोटी होय.