कोश कुणाचा? : संथाळी भाषा आणि बोडिंग यांचे खंड

मिशनऱ्यांच्या भाषाकार्याविषयी लिहिताना आपल्याकडे बहुधा दोनच सूर लागतात. एक उपकाराचा : त्यांनी व्याकरणे लिहिली, कोश केले, भाषा टिकवल्या. दुसरा संशयाचा : हे सारे धर्मांतरासाठीच होते. संथाळीवरचे स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांचे काम वाचताना मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. दोन्हींत कर्ता मिशनरीच राहतो. संथाळ माणूस एकात उपकृत असतो, दुसऱ्यात फसवला गेलेला. काही करणारा मात्र तो कुठेच नसतो.

१८५५च्या संथाळ उठावानंतर बारा वर्षांनी लार्स स्क्रेफ्सरूड आणि हान्स बोरेसेन यांनी संथाळ परगण्यात बेनागडिया येथे मिशन सुरू केले. स्क्रेफ्सरूड यांचे संथाळी व्याकरण १८७३ मध्ये निघाले. पुढे १८९० मध्ये आलेले पॉल ओलाफ बोडिंग १९३४ पर्यंत या कामात राहिले. त्यांच्या संथाळी लोककथांचे तीन खंड १९२५ ते १९२९ या काळात आणि शब्दकोशाचे पाच खंड १९३६ पर्यंत ओस्लोहून प्रसिद्ध झाले.

हेतू लपलेला नव्हता. बायबलचे संथाळी भाषांतर हेही बोडिंग यांचेच काम. पण कोशकाराला निवड करून चालत नाही. ख्रिस्ती झालेल्या संथाळाने बोंगांची पूजा सोडावी अशी मिशनची अपेक्षा होती. कोशाला मात्र बोंगा टाळता येत नाहीत. ओझाच्या उपचारांवर तर बोडिंग यांनी स्वतंत्र अभ्यास लिहिला. प्रचारक ज्यापासून लोकांना दूर नेऊ पाहत होता, त्याचीच तपशीलवार नोंद अभ्यासक करत होता. ही विसंगती मला या ग्रंथांचे खरे मोल वाटते. तिच्यामुळे मिशनच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक जग त्यांत शिरले.

हे जग शिरले कोणामार्फत? बोडिंग यांच्या संग्रहातल्या बहुसंख्य कथा सागराम मुर्मू या संथाळ गृहस्थांनी लिहून दिल्या. या खंडांत मूळ संथाळी पाठ आणि इंग्रजी भाषांतर समोरासमोर छापले आहेत. इंग्रजी पान बोडिंग यांचे. संथाळी पानावरची वाक्ये, त्यांची लय, कुठे थांबायचे याची जाण ही संथाळ कथनकाराची. त्याआधी, १८८७ मध्ये, कोलेआन या वृद्ध गुरूंनी सांगितलेली पूर्वजांची परंपरा स्क्रेफ्सरूड यांनी संथाळीतच छापली. तिचे बोडिंग यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९४२ मध्ये आले. म्हणजे पंचावन्न वर्षे हे पुस्तक मुख्यतः संथाळी वाचू शकणाऱ्यांचेच होते.

लिपीचेही तसेच. संथाळीत शब्दाच्या शेवटी श्वास अडवून, न सोडता उच्चारली जाणारी व्यंजने आहेत. ती दाखवण्यासाठी मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांना खुणा जोडल्या. ध्वनींच्या दृष्टीने ती सोय नेमकी होती. तरीही १९२५ मध्ये रघुनाथ मुर्मू यांनी ओल चिकी ही लिपी घडवली, कारण भाषा अचूक लिहिता येणे आणि ती आपल्या लिपीत लिहिणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. २००३च्या घटनादुरुस्तीने संथाळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, ते संथाळांच्या दीर्घ मागणीमुळे. कोशाने भाषेची नोंद ठेवली. भाषा चालती ठेवली ती बोलणाऱ्यांनी.

म्हणून या ग्रंथांना मी दोन कर्त्यांचे ग्रंथ मानतो. संदर्भ देताना ‘बोडिंग’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. ‘सागराम मुर्मू आणि बोडिंग’ असे लिहिले की वाचनाची दिशाच बदलते. हा प्रश्न आपल्यापासून लांबचाही नाही. मेळघाटातली कोरकू संथाळीच्याच मुंडा कुळातली आहे आणि तिचे व्याकरणही जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ मध्ये लिहिले. आज कोरकू गाणी आणि कथा गोळा करणारे आपण बहुधा मिशनरी नसतो. पण मुखपृष्ठावर नाव कोणाचे घालायचे, हे ठरवण्याचा अधिकार अजून बहुतेक वेळा आपल्याच हाती असतो.